न वाकलेले स्क्रू

मिस्त्री वहिनींच्या दारातच घुटमळला. आत यावं की नाही, हेही त्याला ठरवता येईना.

"बाई, मी लावलेला आरसा पडला म्हणतात," तो म्हणाला. "त्या घरच्या आजींचं पाऊल मोडलं. त्यांचा मुलगा आज पोलिसांत जाणार आहे. दोन घरांनी तर आताच कळवलं, कामाला येऊ नकोस म्हणून."

वहिनींचा व्यवसाय खासगी तपासाचा. सगळे ज्यांना भाऊजी म्हणत ते त्यांचे दीर निवृत्त झाल्यापासून सोबत फिरत. पिशवी धरायला, आणि वहिनींच्या शब्दांत, "चुकीचं उत्तर आधी काढून टाकायला".

"कसा लावला होतास?" वहिनींनी विचारलं.

"चौकटीच्या वरच्या कडेला दोन लोखंडी पट्ट्या. भिंतीत ड्रिलनं भोकं, भोकांत प्लॅस्टिकचे प्लग, आणि पट्टीतून जाड स्क्रू. उभ्या माणसाला चेहरा दिसेल अशा उंचीवर. आरसा दोघांनी उचलायचा, इतका जड."

"म्हणजे वजनानंच स्क्रू उपटले," भाऊजी हळूच म्हणाले.

"झालं, एक उत्तर निघालं," वहिनी उठल्या. "चला."

त्या घरी मुलगा कपाळाला आठ्या घालून उभा होता. "बघा काय बघायचं ते. आम्ही दोघं नवरा-बायको कामावर होतो. घरी फक्त आई आणि बाबा."

"मी स्वयंपाकघरात होतो. आवाज ऐकून धावलो," आजोबा म्हणाले. त्यांनी जपून ठेवलेले दोन्ही स्क्रू पुढे केले. स्क्रू सरळ होते.

भिंतीतली भोकं वर, भाऊजींच्या डोक्याच्याही वर होती. त्यांच्या कडा साफ होत्या. प्लग आत जसेच्या तसे. भाऊजी जवळून बघायला सरकले आणि भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपड्यांच्या टोपलीला अडखळले.

"ही टोपली इथे कशाला?"

"बाथरूममध्ये असते खरी," सून गोंधळून म्हणाली.

कोपऱ्यात गाद्यांची चळत होती. वरच्या गादीत एक आडवी, सरळ खाच पडली होती. वहिनींनी ती वितीनं मापली. मग भिंतीला टेकवलेली आरशाची चौकटही मापली.

"बाबांच्या भरवशावर आईला ठेवणं आता धोक्याचं आहे," मुलगा म्हणाला. "तिला शुश्रूषागृहात हलवायचं मी कधीपासून म्हणतोय."

आजोबांनी मान खाली घातली.

आजी चाकांच्या खुर्चीत होत्या. पाऊल प्लास्टरमध्ये. खुर्चीत त्यांचं हे दुसरं वर्ष होतं.

"फार लागलं का हो?"

"पावलावर निभावलं, बाई." आजींनी केसांवरून हात फिरवला. "केस बघा, पार कापूस झाला. वाटलं होतं, थोडे तरी काळे उरले असतील. मला मीच ओळखू आले नाही."

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "मला सुनेचा संशय येतो."

"आणखी एक निघालं," वहिनी म्हणाल्या. "मिस्त्रीला आत बोलवा."

सगळे खोलीत जमल्यावर वहिनी सावकाश बोलू लागल्या.

"वजनानं स्क्रू उपटला की तो वाकतो, प्लगही ओढून आणतो आणि भोकाचं खिंडार करतो. इथे तसं काहीच नाही. हे स्क्रू पेचकसानं, फिरवून काढलेत."

मुलानं मिस्त्रीकडे पाहिलं. "मग आरसा कुणी उचलला?"

"कुणीच नाही. खाली गाद्या रचल्या, आरसा त्यांवर टेकला, मग स्क्रू काढले. खालून एकेक गादी ओढून काढत गेलं की एकटा माणूसही जड आरसा खाली आणू शकतो. खाच आणि चौकट, दोन्ही सारख्याच लांबीच्या आहेत. भाऊजी, ती टोपली सरकवा."

टोपलीमागे, बसल्या माणसाच्या उंचीवर, गिलावा फुटून खळगा पडला होता.

"मग पट्ट्यांतून दोरी ओवली आणि आरसा इथे, खाली, एका खिळ्यावर अडकवला. नुसत्या गिलाव्यातला खिळा कॅलेंडर पेलतो, आरसा नाही. मूळ जागेवरून, डोक्याच्या उंचीवरून पडला असता, तर आजींच्या पावलावर निभावलं नसतं."

"पण कुणी? आणि कशासाठी?" सुनेनं विचारलं.

"आरसा वर होता तेव्हा खुर्चीतून काय दिसायचं, आजी?"

"छत," आजी म्हणाल्या.

"मग केस पांढरे झालेले कुठे पाहिलेत?"

आजोबा पलंगावर बसले.

"ती म्हणाली, मला एकदा स्वतःला बघायचंय. मी उतरवला. थोडा वेळ बघितलं तिनं, हसलीसुद्धा."

"आजोबा, मला हाक मारायची," मिस्त्री म्हणाला. "त्याच दिवशी खाली घेऊन दिला असता."

"तुला बोलावलं असतं, तर माझ्या लेकाला कळलं असतं की माझ्याच्यानं काही होत नाही. मग हिला हलवलंच असतं." त्यांनी मिस्त्रीपुढे हात जोडले. "माझ्या भीतीची शिक्षा तुला झाली, बाळा."

"मीही गप्प बसले," आजी म्हणाल्या. "यांच्या एकट्याच्या माथी मारू नका."

मुलानं त्या खळग्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "त्या दोन घरांना मी फोन करतो. आणि दुपारी जेवायला घरी येत जाईन, बाबा."

पुढच्या रविवारी नवी काच आली. मिस्त्रीनं भिंत ठोकून पाहिली, पक्क्या विटेत भोकं पाडली आणि चौकटीखालीही आधाराची पट्टी लावली. आरसा मुलानं धरला. उंची आजींनी सांगितली.

बघायला आलेल्या भाऊजींना उभ्यानं त्यात फक्त स्वतःच्या सदऱ्याची बटणं दिसली. चेहरा पाहायला त्यांना आजींच्या शेजारी खाली बसावं लागलं.