दिंडीचा अडसर

इटलीच्या डोंगरमुलखातल्या मोंतेफोस्को किल्ल्यावर पहाट फुटली, तेव्हा खंदकापलीकडे गनिमाच्या छावणीत शेकोट्या अजून धुमसत होत्या आणि तटाला लागून असलेल्या ख्रिस्ती संन्यासिनींच्या मठात हलकल्लोळ माजला होता. बाहेर उघडणाऱ्या दिंडीचा, म्हणजे तटातल्या छोट्या दरवाजाचा, अडसर रात्रभर तसाच निघालेला राहिला होता!

अडसर घालण्याचे काम भगिनी ओर्सोलाचे. पंचवीस वर्षांत कधी न चुकलेली बाई काल दमून विसरली. पण कबूल करायचे कोणासमोर? त्या बेनवेनूतासमोर? कालपरवा मठात आलेली पोर, आणि जखमी शिपाई पाणी मागत तेही तिच्याच हातचे! लोक तिला जिवंतपणीच संत म्हणत आणि ओर्सोलाच्या अंगाचा तिळपापड होई.

मठाचा दंडक असा, की सभेत जिच्यावर दोष ठेवला जाईल तिने बचावाचा शब्द न काढता गुडघे टेकायचे. आणि आरोप खोटा निघाला, तर तीच शिक्षा आरोप करणारीने भोगायची.

"माते, अडसर बेनवेनूताने काढला. मी पाहिलं," ओर्सोलाने सभेत मठाच्या प्रमुख मातेला सांगितले.

बेनवेनूताने मुकाट गुडघे टेकले. चार दिवस उपास घडेल, तोरा उतरेल, एवढाच ओर्सोलाचा हिशेब. पण वार्ता किल्लेदार ग्वाल्फ्रेदोच्या कानी गेली.

"ही फितुरी आहे, माते! हिला त्याच दिंडीतून गनिमाच्या हवाली करावं, असा आमचा हुकूम आहे."

ओर्सोलाच्या तोंडचे पाणी पळाले. तरी दिंडीपाशी लोक रडत त्या पोरीच्या झग्याला ओठ लावू लागले, तेव्हा तिच्या मनात आले, मेली मरतानाही मान घेऊन जाणार!

ओर्सोला अडसर काढू लागली. तो जागचा हलेना. बेनवेनूता हळूच म्हणाली, "ताई, जड आहे तो. कालही दमला होतात तुम्ही. मी धरू का?"

म्हणजे हिला सारे ठाऊक होते! आणि वर क्षमासुद्धा हीच करणार!

"खोटं बोलले मी!" ओर्सोला किंचाळली. "चूक माझी, शिक्षाही माझी!" आणि कोणी अडवण्याआधी ती दिंडीबाहेर पडली.

अकरा दिवस गनिमाने तिला थंडीत बांधून ठेवले. कुमक येऊन वेढा उठला, तेव्हा ती लंगडत परतली. थंडीने पायाची दोन बोटे नेली होती.

पुढे तीस वर्षांनी बेनवेनूता वारली. तिच्या संतपदाच्या चौकशीला धर्माधिकारी आले. त्यांच्या लेखकाने म्हाताऱ्या ओर्सोलाची साक्ष वाचून दाखवली, "पहिला चमत्कार. बेनवेनूताच्या प्रार्थनेने एका मत्सरी भगिनीस सत्य बोलण्याची बुद्धी झाली."

"कसली प्रार्थना!" म्हातारीने काठी आपटली. "बोटं माझी गेली हो!"

"मग काय लिहू, भगिनी? तुम्ही का बोललात?"

ओर्सोलाने चरफडत लेखणी ओढून घेतली आणि त्याच साक्षीखाली सहीच्या जागी क्रूस काढला.