फळ्याची डावी बाजू

"अहो, ते पुसू नका!"

समाजमंदिराच्या ओट्यावरचा तरुण दचकला. त्याच्या पायाशी पत्र्याची पेटी होती, आणि हातातला ओला रुमाल फळ्यापासून वीतभर अंतरावर थबकलेला.

"या आजी म्हणाल्या, ही ग्रामसभेची सूचना जुनी आहे. म्हटलं, पुसून टाकावी. आज आमचं नेत्रतपासणी शिबिर... लोकांचा घोळ व्हायचा."

"कुणाचा घोळ होत नाही," सुप्रिया म्हणाली. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती. "गावाला माहीत आहे, डावी बाजू वाचायची नाही."

"मग लिहिलीये कशाला?"

उत्तर पायरीवर बसलेल्या सगुणाबाईंनी दिलं. "गुरुजींचं अक्षर हाय रे ता. हिचा बापूस. श्रावणात गेलं."

त्याने रुमालाची घडी केली आणि तो तसाच ओला खिशात घातला. "माफ करा. मी शौनक. महाडला आमचं चष्म्याचं दुकान आहे." खिशावर ओला डाग पसरत चालला होता. तो आपण का बघतोय, हे सुप्रियाला कळेना.

कशेडी घाटाच्या पायथ्याच्या या गावात मास्तरकी करून निवृत्त झालेले तिचे वडील, अण्णा, समाजमंदिराची किल्ली सांभाळायचे आणि दर आठवड्याला फळा लिहायचे. महिला मंडळाचं हळदीकुंकू, मुंबई मंडळाची बैठक, गुरांची लस, कुणाकडे पूजा... गाव आधी फळा वाचायचं, मग एसटीची वाट बघायचं. शेवटची सूचना ग्रामसभेची. सभा झाली, अण्णा तेव्हा नव्हते. सुप्रिया तिथेच बालवाडी चालवायची, म्हणून खडू आपसूक तिच्या हाती आला. ती उजव्या अर्ध्यात बारीक अक्षरात लिहायची. तिथे हळदीकुंकू आणि गुरांची लस एकमेकांना कोपर मारून उभी असायची.

दुपारपर्यंत गावाचे डोळे तपासून झाले. शेवटी शौनकने तिलाच खुर्चीवर बसवलं, नाकावर जड फ्रेम चढवली आणि एकेक काच बदलू लागला.

"आता बरं दिसतं... की आता?"

"सारखंच."

"आणि आता?"

"पहिलं बरं होतं. नाही — दुसरं."

"नक्की?"

"मला हल्ली काहीच नक्की कळत नाही," ती बोलून गेली, आणि ओशाळली.

तो हसला नाही. त्याने काच बदलणंही थांबवलं.

"अरे बाबा, डोळं तपासतोस का मन?" मागून सगुणाबाई ओरडल्या. "माझा नंबर लिव आधी!"

पुढच्या रविवारी तो तयार चष्मे वाटायला आला, तेव्हा एसटीच्या टपावरून त्याने आणखी एक वस्तू उतरवली. नवा, लहानसा, काळा फळा.

"हा उजवीकडे लावा," तो खाली बघत म्हणाला. "म्हणजे दाटी नको व्हायला. आणि तो... तसाच राहू दे."

सुप्रियाने आभार मानायला तोंड उघडलं, आणि विचारलं ते भलतंच. "खिळे आणलेत?"

"खिळे... राहिलेच. पुढच्या रविवारी आणतो."

"का रं, पोलादपुरात खिळं मिळत नाय?" सगुणाबाईंनी नवा चष्मा लावून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चांगलं दिसतंय हो आता. लय चांगलं."

खिळे आले, तरी रविवार थांबले नाहीत. कधी कुणाच्या चष्म्याची काडी, कधी स्क्रू. आणि मग एक दिवस मोठ्या पिशवीत पंचांग घालून सुप्रियाचे रावजीमामा आले.

"घरात बाप गेला, तर पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं. नाहीतर तीन वर्षं थांबायचं. रीतच आहे," मामा तिच्या आईला म्हणाले. आणि तिला न विचारता महाडला शौनकच्या घरी जाऊन आलेसुद्धा. "मुलगा हो म्हणाला. वैशाखात मुहूर्त आहे."

आई कितीतरी महिन्यांनी हसली. सुप्रियाला मात्र अण्णांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभं राहून काहीच सुचेना. तो आवडतो म्हणून आनंद होतोय, की वर्ष संपत आलं म्हणून भीती वाटतेय? आणि तो तरी का हो म्हणाला — दया म्हणून?

हळदीकुंकू आटोपलं त्या संध्याकाळी तो आला. हॉल रिकामा होता. हवेत अत्तराचा वास होता. लांबलचक सतरंजी एकटीला आवरेना, म्हणून त्याने न सांगता दुसरं टोक उचललं.

"तुम्ही हो म्हणालात," ती तिकडून म्हणाली.

"म्हणालो."

"मामांनी भरीला घातलं?"

"मामा फक्त पंचांगाशी बोलत होते. मी मधेच हो म्हणालो, ते त्यांनी ऐकलं तरी की नाही, कोण जाणे."

एक घडी पडली. दोघं जवळ आली.

"मला कळत नाही," ती म्हणाली. "अण्णा असते, तर ही घाई नसती. आणि घाई नसती, तर मला काय वाटलं असतं... ते शोधतेय. सापडत नाही."

त्याने सतरंजीची टोकं घट्ट धरली. "मग घाई काढून टाकू. तीन वर्षं थांबू. मला आत्ता करायचं नाही, असं मीच घरी सांगतो. दोष माझ्यावर. मधे तुम्हाला नको वाटलं, तर... नको."

"तुमच्या आईला चालेल?"

"रागाने रोज माझी नावडती भेंडी करेल. मी खाईन."

तिला हसू आलं. समोर तीन वर्षं होती, मोकळी, कुणाची घाई नसलेली. तिने तिकडे नीट पाहिलं. तिथे सुटका सापडायला हवी होती... तिथे नुसतेच रविवार होते, एकामागून एक. संध्याकाळच्या गाडीने तो परत जायचा, आणि घाटातल्या गाडीचा आवाज विरेपर्यंत ती ओट्यावर उभी.

"नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "नाही... म्हणजे?"

"तीन वर्षं मला चालणार नाहीत."

"पण तुम्ही आत्ताच म्हणालात, कळत नाही —"

"आत्ताच कळलं."

त्याच्या हातून सतरंजीचं एक टोक निसटलं. "पुन्हा एकदा सांगता?"

"नाही. आणि नीट धरा, महिला मंडळाची आहे."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. ते अण्णांसाठी होतं की याच्यासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्याने निसटलेलं टोक उचललं, आणि दुसरी घडी घालायला तो तिच्यापर्यंत चालत आला.