प्लेटवरचा डावा हात

आयोडिनच्या खड्यांना जाळ लागत नाही. डबीचं झाकण काढलं की जांभळी वाफ आपली आपण वर येते, आत कोणीतरी श्वास सोडल्यासारखी.

यीस्टला तोंड नसतं. भूक असते. आणि ती भूक लागायच्या आधीच यीस्ट साखरेची लांबलचक साखळी ओवून पोटात ठेवून देते.

थंड खोलीतला दिवा माणूस ओळखत नाही. हालचाल ओळखतो.

ताई म्हणते, मी अशीच राहिले तर शेवटी मांजर पाळावं लागेल. आणि तेही मला सोडून जाईल.

मेलेल्या माणसाचा हात गार असतो. मग त्याची ऊब कशी काय उमटेल?

*

“हलू नका,” अंधार म्हणाला.

मी दार लोटून नुकती आत आले होते, दोन्ही हातांत प्लेट्स घेऊन. माझ्या हालचालीने दिवा लागला आणि तो दिसला – जाड स्वेटर, कानटोपी, डोळा सूक्ष्मदर्शकाला, बोटांत केसाइतकी बारीक सुई. म्हणजे तो आधीपासून आतच होता. इतका निश्चल, की दिव्याने त्याला खोलीतून वजा केलं होतं.

मी हलले नाही. थोड्या वेळाने दिव्याने मलाही वजा केलं.

पंख्याची घरघर. त्याचा श्वास, माझा श्वास. आणि क्षणभर वाटलं – अजून एक, आमच्या दोघांच्या मध्ये.

“झालं.” त्याने मान हलवून दिवा लावला. “तुमचा टेबलाला धक्का लागला असता तर माझा सगळा उन्हाळा वाया गेला असता.”

“आणि मी इथे गारठून मेले असते तर?”

“तर काही प्रश्न नव्हता. इथे काहीच खराब होत नाही.”

मी हसले नाही. बाहेर येऊन, दार नीट लावून, मग हसले.

*

सगळी इमारत त्याला ‘गारठा’ म्हणायची. तो एका एन्झाइमचे स्फटिक वाढवायचा आणि त्यांच्यावर क्ष-किरण टाकून त्या एन्झाइमची घडण शोधायचा. तेच एन्झाइम माझ्या यीस्टमध्ये साखरेच्या साखळ्या ओवायचं. त्याला त्याचा आकार ठाऊक होता, मला त्याचं काम. एकाच माणसाला शिंप्याने मापांवरून ओळखावं आणि शेजारणीने पावलांच्या आवाजावरून, तसं काहीसं.

मी प्लेट्स आणायला जायचे आणि तो बोलायला लागायचा. हळू आवाजात, स्फटिक झोपलेत आणि जागे होतील अशा बेताने. चार सारखे भाग, तो सांगायचा, एकमेकांना गच्च धरून बसलेले. तसे धरलेले असले की काम बंद. पेशीत साखर वाढली की तिचा एक छोटा कण येतो, फॉस्फेटची शेपटी लावलेला, आणि बरोबर मधल्या सांध्यात बसतो. मग पकड सैल होते, चारही भाग जरासे बाजूला सरतात, आणि साखळी ओवायची फट उघडते.

“दाखवतो. पण चार हात लागतात… माझे दोनच आहेत.”

“माझे मोकळे नाहीत,” मी म्हणायचे, आणि प्लेट्स वर करून दाखवायचे. उजव्या तळव्यावर साध्या यीस्टची, डाव्यावर बदललेल्या यीस्टची – तिच्या एन्झाइममधली ती मधली जागाच आम्ही बिघडवली होती. कणाला बसायला जागाच नाही. माझी ही नेहमीची सवय: धडधाकट उजवीकडे, बिघडलेली डावीकडे, म्हणजे घोळ होत नाही.

“खाली ठेवा की.”

“आणि तुमच्या टेबलाला धक्का लागला म्हणजे?”

मग तो एकट्याचे दोन हात एकमेकांत अडकवून दाखवायचा. मी बघत राहायचे. दोघंही हलत नसू. दिवा विझायचा. अंधारात त्याचा आवाज तेवढा चालू राहायचा… आणि मला कधीही वाटलं नाही, की मान हलवावी.

*

पहिला हात एका सोमवारी उमटला.

माझी पद्धत अशी: प्लेटभर यीस्टचा सारखा, सायीसारखा थर. यीस्टने साठवण सुरू करायच्या आधीच प्लेट्स थंड खोलीत. मग त्यांतल्या काहींना ऊब द्यायची आणि काहींना नाही. ऊब न दिलेल्या प्लेट्स आयोडिनच्या वाफेवर धरल्या की कोऱ्या राहायला हव्यात. साठवलेली साखर असेल तिथेच तपकिरी रंग चढतो.

मी कोरी प्लेट वाफेवर धरली. आधी एक डाग आला. मग त्याच्यातून बोटं फुटली – एक, दोन, चार. शेवटी उजव्या बाजूला अंगठा. तपकिरी, पुसट, नखांशी विरलेला… एक डावा हात, माझ्या यीस्टवर अलगद ठेवलेला.

मी झाकण बंद केलं. परत उघडलं तेव्हा रंग उडायला लागला होता. तो टिकत नाहीच. आधी अंगठा गेला, मग बोटं, मग काहीच नव्हतं. फोटो काढायचं सुचलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात परत. मग परत. थरावर कुठे ओरखडा नाही, ठसा नाही, कोणी स्पर्श केल्याची खूण नाही. आणि दर वेळी साध्या यीस्टच्या प्लेटवरच. बिघडलेल्या यीस्टला तो शिवतसुद्धा नव्हता. दर वेळी डावाच हात.

ताईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. “एका हाताचं भूत? दुसऱ्या हातात पिशवी असेल बाई त्याच्या,” म्हणाली, आणि मला कांदे सोलायला बसवलं.

मला रात्री झोप येईना. थंड खोलीत जाताना पाठ भिंतीला लावून उभी राहायला लागले. पण जायचं काही थांबवलं नाही.

*

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम भुताखेतांवर वेळ घालवत नाहीत. त्यांनी मला आणि त्याला एकत्र बोलावलं आणि शांतपणे विचारलं, कोरी प्लेट कोरी निघत नसेल तर रंगलेल्या प्लेटवर मी विश्वास का ठेवू? त्याने शोधलेली घडण बरोबर आहे हे यीस्टने दाखवायला हवं. ती मधली जागा बिघडवली की साठवण थांबते, एवढंच. ते महिनाअखेरपर्यंत दिसलं नाही, तर त्याची नेमणूक पुढे चालू ठेवायला त्यांच्याकडे कारण उरत नव्हतं. दुसऱ्या शहरातली एक जागा त्याच्यासाठी तयारच होती.

जिन्यात तो म्हणाला, तिथेही थंड खोली आहे म्हणे. चांगली मोठी.

“दिवा?”

“सतत चालू असतो.”

मला त्या दिव्याचा विनाकारण राग आला.

*

शेवटच्या हाताचा फोटो मी त्याला मोबाइलवर दाखवला. थंड खोलीतच. त्याने बराच वेळ बघितलं. स्क्रीन तिरकी केली, उलटी केली. आकार बघून माणूस काय करत होता ते सांगणं, हेच त्याचं काम.

“याला डावा हात कोण म्हणालं?”

“अंगठा उजवीकडे आहे. वरून ठेवलेला डावा हात असाच दिसतो.”

“वरून ठेवला असता तर थर विस्कटला असता.” त्याने आपला उजवा तळवा उताणा केला आणि मोबाइल त्यावर ठेवला. त्याचा अंगठा उजवीकडे आला. “हा हात वरून आलेला नाही… हा खालून आहे. कोणीतरी ही प्लेट पेलून उभं होतं. बराच वेळ.”

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. उजव्या तळव्यावर प्लेट होती. बोटं पसरलेली, अंगठा बाहेर.

मला कानशिलं तापल्याचं जाणवलं, त्या गारठ्यात. मी स्वतःच्याच हाताला घाबरले होते. त्याचं बोलणं ऐकत मी इथे इतका वेळ उभी राहायचे, की यीस्टला वाटायचं, उन्हाळा आला. आणि ती मुकाट साठवायला लागायची. मला कळायच्या आधी.

“माझं चुकलं,” मी म्हणाले. “मी तुमचं सगळं—”

“थांबा. डाव्या हातात काय असतं?”

“बिघडलेली.”

“डावा हात गार असतो का तुमचा?”

नव्हता. दोन्ही हात सारखेच गरम. दोन्ही प्लेट्सना सारखीच ऊब, सारखाच वेळ. साध्या यीस्टने हात ओळखला होता. बिघडलेल्या यीस्टमध्ये त्या कणाला बसायला जागा नव्हती, पकड सैल झाली नाही, फट उघडली नाही. तिच्या तळाशी माणूस उभा होता आणि तिला ते कळलंच नाही.

भूत एका हाताचं होतं, कारण त्याने शोधलेली घडण बरोबर होती.

*

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, हात बदलून करा.

म्हणून या वेळी साधी डावीकडे, बिघडलेली उजवीकडे. मी तळवे उताणे करून उभी. तो समोर. बोलायचं काही ठरलं नव्हतं. ऊब द्यायला बोलणं लागत नाही. तरी तो बोलत होता… आईला माझ्याबद्दल सांगितलंय असं काहीतरी. मग घाईने स्फटिकांवर आला.

“हात द्याल?” त्याने मध्येच विचारलं.

“आत्ता ते मॅडमचे आहेत.”

माझ्या खोलीत आलो. झाकण काढलं. जांभळी वाफ. उजव्या हातातली प्लेट कोरी राहिली. डाव्या हातातल्या प्लेटवर आधी डाग आला, मग बोटं, मग अंगठा, आता डावीकडे. मॅडम वाकून बघत होत्या. त्यांनी स्वतः फोटो काढला, अजून चार वेळा करा म्हणाल्या, आणि जाता जाता दारातून: “दुसऱ्या शहराला नाही म्हणून कळवा.”

आम्ही दोघं रंग उडताना बघत राहिलो.

“मला वाटायचं,” तो म्हणाला, “तुम्ही मुद्दाम प्लेट्स खाली ठेवत नाही. मला टाळायला.”

“टाळायलाच.”

“हं.”

“हात मोकळे असते तर… दिले असते ना मी. पहिल्याच दिवशी. मग काय केलं असतंस तू?”

‘तू’ निसटला. परत घेता येत नव्हता. त्याने प्लेट्स माझ्यासमोरून बाजूला सरकवल्या, एक-एक करून, आणि माझे दोन्ही हात घेतले. त्याचे बर्फासारखे होते. आयोडिनने माझी बोटं पिवळी झाली होती, ती त्याने तशीच धरून ठेवली.

“चार झाले,” तो म्हणाला. “आता दाखवतो.”

पण त्याने काही दाखवलं नाही.

*

पहिला हात ज्या प्लेटवर उमटला, ती थंड खोलीत ठेवून मी त्याच दुपारी बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावी गेले होते. सोमवारी परतले आणि ती तडक वाफेवर नेली; तो हात माझा नव्हता. त्या आठवड्यात थंड खोलीची किल्ली एकट्या त्याच्याकडे होती.