चंद्राच्या पोटातले ठोके

देशाच्या पहिल्या मानवी चांद्रमोहिमेत तिघे गेले आणि दोघे परत आले, त्याला वर्ष होत आलं होतं. तरी त्यांच्या पावलांचा आवाज चंद्राच्या पोटात अजून फिरत होता, आणि आंबोलीच्या चांद्रकंप केंद्रात डॉ. यमुना खानोलकर तो चंद्रावर ठेवलेल्या कंपमापकांमधून रोज ऐकत होती.

पृथ्वीच्या खडकांत पाणी मुरलेलं असतं. ते कंप गिळून टाकतं. चंद्र कोरडा ठणठणीत. तिथे एकदा उठलेला कंप भेगांवर आपटतो, वळतो, परततो, लवकर मरत नाही. यमुनेने त्याचं नाव ठेवलं होतं 'भटका नाद'. या नादाच्या गुंत्यातून मूळ आवाज सोडवायची रीत तिला नुकतीच साधली होती. साधली नसती तर बरं झालं असतं, असं आता तिला वाटत होतं.

परत न आलेला तिसरा, हेरंब दाभोळकर, चंद्रावरच्या एका भुयारात उतरला असताना छत कोसळलं होतं. त्याचा रेडिओ मुका झाला. तो जागीच गेला असं समजून सोबती परतले, आणि त्याच्या बायकोला, शर्वाणीला, तेच सांगण्यात आलं.

त्या सकाळी शर्वाणी केंद्रात आली.

"गेलेल्या माणसाचं काय उकरून काढायचं?" असं केंद्रप्रमुखांनी यमुनेला आधीच बजावलं होतं. पण शर्वाणीने बसल्या बसल्याच विचारलं, "डॉक्टर, तो लगेच गेला ना?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. यमुनेला ते जमलं नाही.

"नाही. यान उडाल्यानंतरही तो खडकावर ठोके देत होता. मोहिमेतल्या सगळ्यांना ठोक्यांची भाषा शिकवली होती. 'मी इथे आहे', एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता."

शर्वाणीने पदराचं टोक मुठीत आवळलं. "कुणी ऐकणारंच नव्हतं. मग थांबला कसा नाही?"

"कारण त्याला उत्तर येत होतं."

"उत्तर? कुणाचं?"

"त्याचंच. ठोका लांबवर जाऊन परत यायचा, तोही इतक्या उशिरा, की आपलाच आहे हे कळू नये. त्याला वाटलं, पलीकडे कुणीतरी आहे. मग तो उत्तराची वाट बघायचा. आलं की पुन्हा ठोकायचा."

शर्वाणीची मूठ हळूहळू उघडली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैलावलं. "म्हणजे शेवटी त्याला सोबत होती."

यमुनेने मान खाली घातली. इथेच थांबावं, असं तिला वाटलं. पण शर्वाणी तिच्याकडेच बघत होती.

"अजून काहीतरी आहे. सांगा."

"सोबती निघून गेलेत, हे त्याला कळलं असावं. कारण शेवटचे ठोके वेगळे आहेत. त्याने विचारलंय, 'तू कोण आहेस?'"



"मग?" शर्वाणीने विचारलं. "काय उत्तर आलं त्याला?"

"तोच प्रश्न."

शर्वाणीने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. त्यावर एक बारीक रेघ थरथरत होती.

"आणि हे आत्ताचं काय आहे?"

यमुनेने रेघेखाली बोट ठेवलं. तिथे ठोक्यांची अक्षरं उमटत होती: 'तू कोण आहेस?'

"अजून विचारतोय?" शर्वाणी म्हणाली.