घंटा वाजली की शेजारचं दार

पोरांनो, आधी एक कोडं सोडवा. माझ्या नातीनं, ओवीनं, घातलंय, म्हणजे सोपं नाही.

"आजी, आईचा पाय मोडला तेव्हा शेजारच्या घरांची सगळी ओळ लाटणी घेऊन आपले पापड लाटायला आली होती. आता आईचं मन आजारी आहे, तर कुणीच कसं आलं नाही? मनाचा आजार दुसऱ्याला लागतो का?"

आम्ही चंद्रावरच्या घुमटात (आत हवा कोंडून ठेवलेल्या वस्तीत) राहतो. पापड दिव्यांखाली वाळवतो, पण रीत तीच, आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. माणूस चंद्रावर पोचला, पण येताना कुजबुज गाठोड्यात बांधून घेऊन आला. माझ्या सुनेच्या, रेवतीच्या हातचे पापड सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. आता म्हणतात, "बरी झाली की बोलावू हो."

त्यात वस्तीच्या समितीचा निरोप आला. सोबतीला शेजारची दोन घरं मिळाली नाहीत, तर रेवतीला पुढच्या यानानं पृथ्वीवर धाडू. लेकीपासून तोडून!

दवाखान्याच्या यंत्रमानवाला पोरं चिमटा म्हणतात. त्याला मी गाठलं. "मी दुसरीपुढं शिकले नाही. मला कळेल असं सांग. तिला झालंय काय?"

"लागण होण्यासारखं काही नाही, आजी. मेंदूत धोक्याची घंटा असते (भीती ओळखणारा, बदामाएवढा भाग). धोका आला की ती वाजते, टळला की थांबते. रेवतीताईंची थांबतच नाही. म्हणून झोप नाही, भूक नाही, छाती धडधडते."

"मग गोळी दे."

"देतोय. गोळीनं आवाज उतरतो. पण मेंदू आजूबाजूलाही बघतो. ओळखीचं माणूस शांत शेजारी बसलं, तर त्याला उमगतं, धोका नाही. एकटं टाकलं, तर घंटा आणखी जोरात."

"आणि हे शहाणे तिला एकटं टाकतात, वर म्हणतात विश्रांती!"

ओवी ऐकत होती. घुमटाचा एक नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हवागळतीची घंटा ऐकली की आधी शेजारचं दार ठोकायचं. पोरगी लाटणं घेऊन निघाली आणि दारं बडवत सुटली.

"घंटा वाजतेय!"

यमुनाबाई हवेचा मुखवटा शोधत धावत बाहेर आली. "कुठं गं?"

"आईच्या डोक्यात."

"चावट कार्टी!" कुणीतरी म्हणालं. धडाधड दारं लागली. यमुनाबाई मात्र उभीच राहिली. मग आत गेली, आणि लाटणं घेऊन आमच्या घरी आली.

"रेवतीशी काय बोलू, आक्का?" तिनं मला विचारलं.

"बोलू नकोस. लाट."

मागून पलीकडच्या घरातले सदानंद मास्तर आले. त्यांचा पापड म्हणजे फाटका नकाशा. रेवती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"असा नाही, मास्तर."

दोन घरं झाली. रेवती इथंच राहिली. अजून बरी नाही. गोळी चालू आहे, सोबत चालू आहे. बंद दारांच्या घरी मी पापडाचा तुकडाही पाठवला नाही.

ओवी म्हणते, "आजी, उद्या त्यांच्यातल्या कुणाची घंटा वाजली, तर आपण जायचं ना?"

"जायचं. पण दार मी ठोकणार."