दुभाष्याच्या घरचा फोन

गुरुवारी रात्री साडेनऊला लाइट गेली आणि आम्ही तिघं बिल्डिंगच्या जिन्यात येऊन बसलो. घरात बसलो असतो तर आईनं अंधारात पण काहीतरी काम शोधून दिलं असतं.

ढोल्याचं कुठल्याशा मुलीला पाठवलेलं काहीतरी अडकलं होतं. तो मोबाइल वर धरून हलवत होता, जसं काही हलवलं की रेंज गळून पडणार आहे.

"एकच टिक येतेय रे. टॉवर मेला वाटतं."

"सुटली बिचारी," चष्मिश म्हणाला.

वरच्या पायरीवर लाइनमन काका बसले होते. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, तळमजल्यावर एकटेच राहतात. एरवी आम्हाला बघून काठी उचलतात, कारण त्यांची बेल वाजवून पळणारा मीच, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र नुसतंच म्हणाले, "एक टिक म्हणजे अजून पोचलं नाही. त्यात काय घाबरायचं? पोचलं असं दिसलं, आणि तिकडे घ्यायला कोणी नसलं... तर घाबरायचं."

"कोणाचं झालं होतं असं?"

"माझ्या एका दोस्ताचं."

म्हातारी माणसं असं म्हणाली की समजायचं, भूत येणार. मी सरकून बसलो. तिखटमीठ लावायची सवय आहे मला, पण ह्यात लावायला जागाच नव्हती. काकांनी सांगितलं तसंच सांगतो.

हा दोस्त एका संस्थेत, कंप्युटरच्या खोलीत कामाला. ईमेल तेव्हा नुकतंच आलं होतं, आणि आपल्यासारखं नाही, की इकडे दाबलं, तिकडे टुण्ण. खोलीत दोन मशीनं. एक जुनं, कपाटाएवढं. त्याला फक्त कॅपिटल अक्षरं कळायची, आणि लांबलचक नाव दिसलं की ते अर्धं खाऊन टाकायचं. दुसरं नवं, त्याची पत्ता लिहायची तऱ्हाच वेगळी. दोघं एकमेकांना खेटून उभी, पण एकाचं दुसऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही.

"तुझ्या आईबाबांसारखी," चष्मिश मला म्हणाला. मी त्याला कोपर मारलं.

तर ह्या दोस्ताचं काम म्हणजे एका मशीनकडून पत्र घ्यायचं, त्याचा पत्ता दुसऱ्याला कळेल असा करायचा आणि पुढे ढकलायचं. म्हणून सगळे त्याला दुभाष्या म्हणायचे. पुढे ढकलायचं म्हणजे मशीन रात्री दोन वाजता फोन लावायचं, तेव्हा लाइनी मोकळ्या असायच्या म्हणून. पलीकडचं मशीन फोन घेऊन किंचाळायचं, मग हे किंचाळायचं. एकमेकांचा आवाज पटला की पत्रं द्यायची-घ्यायची. नाही पटला तर फोन ठेवून द्यायचा.

दुभाष्याच्या घरी तो आणि आई, दोघंच. धाकटा भाऊ भर समुद्रात, तेलाच्या विहिरीवर नोकरीला. तिथल्या मशीनची जात जुनीच, त्यामुळे धाकट्याची खुशाली दुभाष्याच्याच हातातून यायची. दर शनिवारी तो ती कागदावर उतरवून घरी आणायचा, आईला वाचून दाखवायचा, आणि आई म्हणायची, "एवढंच? तूच गाळलं असशील मधलं."

एकदा काका संस्थेत नवी लाइन बसवायला गेले. बसवली. "लावून बघ कुठेतरी," म्हणाले. दुभाष्याला पटकन दुसरा नंबर आठवेना. त्यानं मशीनच्या यादीत सगळ्यात शेवटी आपल्या घरचाच नंबर घातला, नाव दिलं 'घर'. घंटी वाजली, आईनं उचलला, लाइन चालू. दोघं खूश होऊन चहा प्यायला गेले. नंबर काढायचा राहिला.

आणि मशीनचा कायदा असा, की ज्या पत्राचा पत्ता दोघांनाही लागत नाही, ते यादीतल्या शेवटच्या नंबरला देऊन टाकायचं.

काही दिवसांनी काका दुभाष्याकडे जेवायला गेले होते, तेव्हा आई म्हणाली, "रात्री कोण मेलं फोन करतं रे? उचलला की नुसतं किंचाळतं."

दुभाष्या पोट धरून हसला. काका म्हणाले, "मावशी, तुमच्या मुलाचं मशीन तुम्हाला फोन करतंय."

"आजच काढतो ग नंबर," दुभाष्या म्हणाला.

"राहू दे. आधी कानठळ्या बसायच्या. आता कळतं मला थोडं थोडं."

"काय कळतं?"

"काल एक बाई होती. तिला नातू झालाय, सुनेला बरं नाही, आणि ज्याला सांगायचंय त्याचं नावच कोणाला लागत नाही. मी म्हटलं, मी ऐकलं ग बाई. नीज आता."

काका हसतच होते. दुभाष्याचं हसू थांबलं. पत्ता न लागलेलं ते पत्र त्यानं आदल्या दिवशी स्वतः वाचलं होतं. नातू, सून, सगळं. घरी त्यातला एक शब्द बोलला नव्हता.

संस्थेत जाऊन त्यानं मशीनची नोंद पाहिली. 'घर' ह्या नावापुढे 'आवाज पटला नाही' असं असायला हवं होतं. रोज रात्री 'पत्र पोचलं' असं होतं.

"म्हणजे म्हातारी पण किंचाळायची?" ढोल्यानं विचारलं.

"म्हातारी हूं म्हणायची," काका म्हणाले. "तेवढ्यानं मशीनला पटत नाही."

दुभाष्यानं तो नंबर यादीतून काढून टाकला. काकांच्या डोळ्यांदेखत.

मग नोव्हेंबर लागला आणि समुद्रात वादळ झालं. विहिरीवरचं मशीन बंद पडलं. शनिवार गेला, पत्र नाही. कंपनीचा माणूस सांगत होता, माणसं होड्यांनी उतरवलीत, मोजणी चालू आहे. मोजणीत धाकटा नव्हता. मेलेल्यांत पण नव्हता. नुसता नव्हता.

आईनं जेवण सोडलं. फोनसमोर खुर्ची टाकून बसली.

"तुझ्या मशीनला सांग मला फोन करायला. माझ्या पोराचं पत्र कुठेतरी अडकलं असणार. त्यांना पत्ता लागत नसेल. मला लागेल."

"सांगतो," दुभाष्या म्हणाला. आणि सांगितलं नाही. तिला झोप लागावी म्हणून खोटं बोलला.

त्या रात्री दोन वाजता घरचा फोन वाजला.

इथे मी खिशातल्या खिशात जुन्या फोनची रिंगटोन वाजवली. ढोल्या अर्धा जिना खाली. चष्मिशनं कठडा धरला. मी हसून लोळायच्याच बेतात होतो, पण काका नुसते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. थांबून. जसं काही अजून एक घंटी येते का ते ऐकतायत. मी मोबाइल बंदच करून टाकला.

आईनं फोन उचलला. बराच वेळ ऐकत राहिली. दुभाष्या आतून धावत आला तेव्हा ती हसत होती.

"धाकटा आहे. निघालाय. दार उघडं ठेव म्हणतो."

दुभाष्यानं तिच्या हातातून फोन ओढला. किंचाळणं नव्हतं. पाण्यासारखं काहीतरी होतं... मग तेही नव्हतं.

सकाळी त्यानं नोंद तपासली. रात्री मशीननं 'घर'ला फोन लावलाच नव्हता.

तो तडक काकांकडे आला. "माझ्या घरची लाइन तोड. कोणीतरी हलकट चेष्टा करतोय. आई दार सताड उघडं टाकून बसलीय."

"आणि खरीच बातमी आली तर?"

"संस्थेत येईल. मी आहे ना तिथे."

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. काका खांबावर चढले आणि घराकडे जाणारी तार कापून काढली. घरात येऊन फोन कानाला लावला. डेड. आईला काही सांगितलं नाही. रात्री सोबतीला म्हणून तिथेच थांबले.

दुभाष्या दारासमोरच्या कॉटवर. काका खाली सतरंजीवर. आई खुर्चीत. दार उघडं. बाहेर रस्ता, रस्त्यावर एक दिवा. वारा नाही.

दोन वाजले.

फोन वाजला.

काकांनी दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्यानं काकांकडे. दोघांतलं कोणी उठलं नाही.

आई उठली.

"हं... हो रे... उघडंच आहे... ये."

ठेवला.

मग काहीच नाही. रस्ता तसाच. दिवा तसाच. काकांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता... त्यांनी तो पण धरून ठेवला.

आई दाराकडे बघत होती. मग तिची नजर हळूहळू आत आली. उंबऱ्यावरून... सतरंजीच्या कडेनं... कॉटपर्यंत.

"सरक जरा," ती दुभाष्याला म्हणाली. "टेकू दे त्याला. दमलाय."

दुभाष्या सरकला.

"का सरकले पण?" ढोल्याचा आवाज पार बारीक झाला होता.

"आई म्हणाली म्हणून," काका म्हणाले.

खालच्या मजल्यावर कोणाचं तरी दार लागलं, तरी आमच्यातल्या कोणी वाकून बघितलं नाही.

"दार लाव आता," आई काकांना म्हणाली होती. काकांनी लावलं. आई खुर्चीतच झोपली, किती दिवसांनी, गाढ. दुभाष्या उजाडेपर्यंत कॉटच्या कडेला बसून राहिला. अर्ध्याच जागेत. बाजूला एकदाही बघितलं नाही.

सकाळी दोघं संस्थेत गेले. दुभाष्याच्या नावावर एक पत्र येऊन पडलं होतं. ईमेल ज्या ज्या मशीनमधून जातं, ते प्रत्येक मशीन त्याच्या डोक्यावर आपलं नाव आणि वेळ मारतं. धाकट्याच्या पत्रावर नेहमी चार-पाच नावं असायची, समुद्रापासून इथपर्यंतची.

ह्याच्यावर एकच. वेळ रात्री दोनची.

घर.

आणि खाली, इंग्रजी अक्षरांत, दोन शब्द. दादा, पोचलो.

"मग धाकटा सापडला?" ढोल्यानं विचारलं.

"नाही."

चष्मिशनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काका... त्यांच्या घरी पण मशीन होतं का?"

"फोन होता," काका म्हणाले. "आणि त्याची तार माझ्या पिशवीत होती."