सात नंबरची खाट

सुईण भरदुपारी दवाखान्यात शिरली, ती पदराखाली गरम दगडांची पुरचुंडी घेऊनच. सून पहाटे बाळंत झाली होती. डोंगरावरच्या बायकांची रीत साधी. बाळंतिणीचं पोट सुती पट्ट्यानं बांधायचं, दगडांनी शेकायचं, तिला एकटी सोडायची नाही. आणि ती ‘थंडी वाजते’ म्हणाली की आधी चादर उचलून बघायचं. रक्त जात असतं.

गेल्या साली याच वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर, सुईणीची पोटची लेक बाळंत होऊन थंडी थंडी म्हणत होती. सुईण दाराबाहेर घसा फोडून सांगत होती, चादर उचला. मोठ्या सिस्टर हसल्या. हसल्या हो, हसल्या! "उन्हाळ्यात कसली गं थंडी? नाटकं करतेय ती." चादर उचलली तेव्हा गादी भिजून खाली ठिबकत होती.

आजही खाट तीच, सिस्टरही त्याच.

"हा जंगली कारभार इथं नको," सिस्टरनी पुरचुंडी हिसकावली. "बाहेर बस."

"सुनेला एकटी टाकू नका. एक गेलीय माझी."

"आम्ही काय माशा मारतो इथं?"

"गेल्या साली मारल्याच की!"

दार तोंडावर आपटलं. सुईण बाहेरच्या बाकावर बसली. आत पंख्याची घरघर. मग ओल्या मातीचा वास आला... बाहेर तर धूळ उडत होती.

तासाभरानं दार आतून उघडलं. दारात कुणीच नव्हतं.

सुईण आत धावली. सुनेचं अंग छान ऊबदार. पोट घट्ट बांधलेलं.

"कुणी बांधलं गं?"

"एक बाई आली होती... डावरी. हात फार गार होते, आत्याबाई." एवढं बोलून सून पुन्हा झोपली.

सुईणीनं गाठ बघितली. उलटी. या उलट्या गाठीपायी लेकीला तिनं किती धपाटे घातले होते! पट्टाही ओळखीचा. लेकीबरोबर पुरलेला. अजून मातीनं ओला.

कोपऱ्यातल्या टेबलाशी मोठ्या सिस्टर ब्लँकेट गुंडाळून बसल्या होत्या. दात कडकडत होते.

"थंडी वाजते गं... बघ ना कुणीतरी..."

मर, सुईणीचं मन म्हणालं. पण हात जन्माचे सुईणीचे. तिनं ब्लँकेट उचललं. खुर्चीखाली रक्ताचं थारोळं साचलं होतं.

डॉक्टरला हाक मारायला तिनं तोंड उघडलं. तोच झोपलेल्या सुनेच्या उशाकडून हलकेच आवाज आला...

"आई, नाटकं करतेय ती."